अकरा पावलं

टप. टप. टप.

पहाटेच्या शांततेत तो आवाज आला आणि ती अंथरुणात ताडकन उठून बसली. "शूऽऽ!" डोळे उघडायच्या आधीच तिच्या तोंडून निघून गेलं. गेली दोन वर्षं तिचा प्रत्येक दिवस याच एका अक्षराने सुरू होत होता.

आवाज टाचणी या कुत्रीच्या शेपटीचा होता. एरवी ती शेपटी जाड पडद्यावर आपटायची, कुणाला पत्ता लागायचा नाही. पण पडदे कालच खोक्यात गेले होते. आता शेपटी रिकाम्या लाकडी कपाटावर पडत होती आणि कपाट ढोलासारखं वाजत होतं.

"आज तरी वाजू दे की तिला," पांघरुणातून नवरा म्हणाला. "आज आपण चाललोय!"

हे ऐकलं मात्र, दुसऱ्या कुत्र्याने, भोवऱ्याने, पलंगावर उडी घेतली, नवऱ्याच्या पोटावर पाय देऊन पलीकडे उतरला, आणि मग दोघं सुटली. स्वयंपाकघरातल्या सिंकपासून बाहेरच्या दारापर्यंत अकरा पावलं. दारापाशी घसरत वळायचं, परत अकरा पावलं. भोवरा पुढे, टाचणी मागे, येताना टाचणी पुढे, भोवरा मागे.

दोघं सख्खी बहीण-भाऊ. दोन महिन्यांची असताना बुटांच्या खोक्यात बसून घरी आली होती. देणारा म्हणाला होता, "मेंढ्या राखणारी जात आहे, ताई. पळायला लागतं यांना." त्यावर ती म्हणाली होती, "पळू देत की!" जणू तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांना मागच्या बाजूला एखादं माळरान जोडलेलं होतं.

पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरून छताला काठीचे ठोके आले. दोनच. ठक, ठक. फार सभ्य ठोके. ती धावत खाली माफी मागायला गेली. पांढऱ्या मिशांचे, एकटे राहणारे काका दारात आले, "असू द्या, असू द्या," म्हणाले आणि दार लावून घेतलं. तिने त्याचा अर्थ काय लावायचा तो लावला. त्या दिवसापासून ते शांतताकाका झाले आणि घराचं कापसाचं गोदाम झालं. जमिनीवर गालिच्यांचे तुकडे, खुर्च्यांच्या पायांना कापलेले टेनिसचे चेंडू, कुत्र्यांचे तर पाय आठ! त्या आठ पायांसाठी रबरी ठिपक्यांचे तान्ह्या बाळांचे मोजे. तरी रोज साडेपाचला ठक, ठक व्हायचंच. मग ती आणखी एक गालिचा आणायची.

लेक सहा वर्षांची होती आणि चवड्यांवर चालायची. कुणी शिकवलं नव्हतं. चवड्यांवर चालणारी, कुजबुजत बोलणारी, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणायचे आणि कौतुक करायचे. "किती शहाणी हो पोर! आहे की नाही कळतसुद्धा नाही." हे ऐकून आईला बरं वाटायचं. शाळेत खेळांचा दिवस येईपर्यंत बरं वाटायचं. शिट्टी वाजली, सगळी पोरं बाणासारखी सुटली, आणि मुंगी चवड्यांवर भराभर चालत शेवटपर्यंत गेली. आईपाशी येऊन कानात म्हणाली, "बघ, माझा आवाज अजिबात झाला नाही."

त्या संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "आपण इथून निघू या. आपण घरात पळणारं काही शिल्लकच ठेवलेलं नाही."

तिचं काम कुठेही नेता येण्यासारखं होतं. डॉक्टर मंडळी रुग्णांची माहिती बोलून ठेवत, ती कानाला यंत्र लावून ते ऐके आणि टंकत जाई. पायाखाली एक पेडल असे, ते दाबलं की बोलणं मागे जाई. भोवरा हमखास त्या पेडलवर बसायचा आणि मग एकच डॉक्टर एकाच माणसाचं पित्ताशय सात वेळा काढायचे. नवरा चष्म्याचे नंबर काढायचा. एका लहानशा बाजारगावच्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्याला जागा मिळाली, गावाबाहेर उतारावर एक घर मिळालं.

"लोक मुलांच्या शाळेसाठी शहरात येतात," फोनवर तिची आई म्हणाली, "आणि तू कुत्र्यांच्या शेपटीसाठी शहर सोडतेस. धन्य आहे बाई तुझी."

"दोन शेपट्या आहेत, आई. एकीसाठी नसतं सोडलं."

तर आज निघायचं होतं. सामान भरून झालं, दाराला कुलूप लावायचं तेवढं राहिलं, आणि जिन्यात शांतताकाका उभे. हातात काठी. तिने पटकन भोवऱ्याचा पट्टा जवळ ओढला.

"निघालोच, काका. आज जरा आवाज झाला, पण आता—"

"हा माझ्या गॅलरीत पडला होता." काकांनी खिशातून एक इवलासा लाल मोजा काढला. टाचणीचा. मागच्या थंडीत हरवलेला. "धुऊन ठेवला होता. द्यायचं राहूनच जात होतं." मग भोवऱ्याकडे बघत ते जरा घुटमळले. "साडेपाचला याच्यामुळे जाग यायची. आता गजर लावायला हवा."

"पण काका... तुम्ही काठीने ठोकायचात ना?"

"हो. उठलो म्हणून सांगायचो त्याला."

ट्रकच्या पुढच्या बाकावर ती तो मोजा मुठीत धरून बसली. दोन सिग्नल मागे पडले. मग नवऱ्याला हसू फुटलं ते आवरेचना. "दोन वर्षं! अगं, दोन वर्षं तो माणूस 'सुप्रभात' म्हणत होता!"

"हसू नकोस." पण तिलाही हसू येत होतं, आणि हसता हसता डोळे भरून येत होते. सगळे गालिचे, सगळे चेंडू, सगळं शूऽऽ. कुणी मागितलंच नव्हतं.

"मग मागे वळवू का ट्रक?" ड्रायव्हरने विचारलं. केबिनच्या मागच्या बाकावरून भोवरा आणि टाचणी दोन्ही बाजूंनी खिडकीबाहेर तोंडं काढून सगळ्या शहरावर भुंकत होती. आज त्यांना कुणी अडवत नव्हतं.

"खबरदार!" ती म्हणाली. "आणखी जोरात चालवा."

शेवटची इमारत मागे पडली. मग शेवटचा पेट्रोल पंप. मग नुसतं आभाळ, इतकं की मुंगीने त्याच्याकडे बोट दाखवून हळूच विचारलं, "एवढं सगळं आधी कुठे होतं?" दुपारी ट्रक उतार चढून घरापाशी थांबला. समोर कुंपण नाही, भिंत नाही. हिरवा उतार खाली जात होता, मग वर टेकडी, टेकडीच्या माथ्यावर एक एकटं झाड. नवऱ्याने मोबाइल काढला. "थांब थांब, हा क्षण हवाच!" तिने दोघांचे पट्टे सोडले.

"जा!"

दोघं सुटली. कान मागे, पोट जमिनीला टेकलेलं. आणि अचानक, गवतात, जिथे काहीच नव्हतं तिथे, दोघं घसरत वळली आणि परत तिच्याकडे आली. पुन्हा गेली. पुन्हा तिथेच वळली. नवऱ्याने मोबाइल हळूहळू खाली घेतला.

ती पावलं मोजत गेली. नऊ, दहा, अकरा. गवत तिथे दबलं होतं.

"नवीन जागा आहे," नवरा म्हणाला. "होईल सवय."

तेवढ्यात टेकडीवरून एक बाई खाली आली. खांद्यावर घोंगडी, पायांत पुरुषी बूट. पलीकडच्या अंगाला तिच्या मेंढ्या होत्या. घर दाखवणाऱ्याने ज्यांच्याबद्दल सांगितलं होतं, त्या शेजारच्या मावशी याच.

"आलात? बरं झालं," मावशी म्हणाल्या. "एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे मागाहून वाईटपणा नको. मोकळी सोडा, माझं काही म्हणणं नाही. पण एकदा, एकदाच जरी माझ्या मेंढीला यांनी तोंड लावलं, तर कायमची बांधून ठेवायची. इथला नियम आहे."

"ती तेवढ्या लांब जातच नाहीत, मावशी," ती म्हणाली. हे सांगताना आपल्याला रडू का येतंय ते तिला कळेना.

तीन दिवस हेच चाललं. खोकी उघडली, कपबशा लागल्या, पेडल टेबलाखाली गेलं, आणि अंगणात दोन कुत्री अकरा पावलांच्या अदृश्य खोलीत येरझारा घालत राहिली. चेंडू लांब फेकला तर दोघं त्या रेषेवर थांबून चेंडूकडे बघत आणि मग तिच्याकडे बघत, "तूच आण ना" अशा चेहऱ्याने. नवऱ्याने खरपूस भाजलेला मांसाचा तुकडा रेषेपलीकडे ठेवून पाहिला. तो कावळ्यांनी खाल्ला. आणि मुंगी एवढ्या मोठ्या गवतात चवड्यांवर चालत होती.

तिच्या मनात एकच घोळत होतं. आपण उशीर तर केला नाही ना? पळणं असं विसरून जातं का कुणी? कुत्र्यांचं एक वेळ ठीक आहे, पण...

चौथ्या दिवशी सकाळी मावशी आल्या, पायरीवर बसल्या, तो सगळा खेळ शांतपणे पाहिला.

"बांधलंय का यांना?"

"नाही हो."

"मग वळताना तुमच्याकडे का बघतात?"

ती उत्तर देणार, इतक्यात दोघं पुन्हा सुटली. आठ, नऊ, दहा. आणि तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. दातांतून, अगदी बारीक. शूऽऽ. तीन दिवस ती हे करत होती आणि तिला पत्ता नव्हता. आवाज काय, नुसता श्वास. पण त्या कानांना तेवढा पुरत होता.

मावशी उठल्या. मेंढ्यांकडे जाता जाता एवढंच म्हणाल्या, "हं."

ती पायरी उतरली. अकरा पावलं गेली, बारावं टाकलं, तेरावं टाकलं. मागे वळून हाक मारली, "मुंगे, इकडे ये." मुंगी चवड्यांवर आली.

"ओरड."

मुंगीने आईकडे, मग घराकडे पाहिलं. "काय ओरडू?"

"काहीही."

"किती मोठ्याने?"

"जेवढं आत आहे तेवढं सगळं."

"खालचे काका—"

"खाली आता जमीन आहे, बाळा. आणि काकांना तर आवडायचं."

मुंगीने तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसतीच हवा आली. मग मांजराएवढा आवाज. मुंगीला त्याचं हसू आलं, आईलाही आलं, आणि आईनेच आधी गळा मोकळा केला, "पळाऽऽ!" आयुष्यात इतक्या मोठ्याने ती ओरडली नव्हती. बाळंतपणातसुद्धा नाही, तिथे शेजारच्या खोलीत एक आजीबाई झोपल्या होत्या! मग मुंगीचा आवाज फुटला. एवढ्याशा छातीतून असा काही निघाला की घराच्या छपरावरचे कावळे उडाले आणि नवरा तोंडाला साबणाचा फेस तसाच घेऊन बाहेर धावत आला.

"काय झालं? काय झालं?"

"पळाऽऽऽ!" मुंगी ओरडत होती आणि पळत होती. टाच, चवडा, टाच, चवडा, धपाधप, जमीन दणाणत होती. ती तिच्या मागे, मोकळे केस, एक चप्पल कुठेतरी राहिलेली. आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी दोन काळ्यापांढऱ्या रेघा सप्पकन पुढे गेल्या. बारा. वीस. शंभर. कोण मोजतंय! भोवरा उतारावरून खाली पडतोय की उडतोय ते कळत नव्हतं. टाचणीने उताराच्या तळाचा ओढा एका झेपेत पार केला. दोघं टेकडी चढली, माथ्यावरच्या झाडाला वळसा घातला आणि पलीकडे उतरली.

दिसेनाशी झाली.

ती गुडघ्यांवर हात ठेवून थांबली. धाप लागली होती. पलीकडे मेंढ्या होत्या. "एकदाच जरी," मावशी म्हणाल्या होत्या.

"हाक मार," नवरा म्हणाला. फेस त्याच्या हनुवटीवरून गळत होता. "अगं, हाक मार त्यांना!"

हाक तिच्या ओठांपर्यंत आली होती. ती तिने गिळली. आता हाक मारली असती तर ते शूऽऽच झालं असतं, जरा मोठं एवढंच. तिने मुंगीचा हात घट्ट धरला. पलीकडून मेंढ्यांचा कालवा ऐकू आला, एकदम वाढला. मग थांबला. मग काहीच नाही. टेकडी, झाड, आभाळ.

कितीतरी वेळाने माथ्यावर मावशी दिसल्या. दोन्ही हात तोंडाशी धरून त्या ओरडल्या, "अहोऽऽ! नुसता वळसा घातला हो! तोंड नाही लावलं एकीला! सगळी पांगलेली गोळा करून दिली मला!"

आणि मावशींच्या दोन्ही बाजूंनी दोन ठिपके निघाले. उतार, ओढा, पुन्हा उतार. मोठे होत होत आले आणि धाडकन तिच्या अंगावर आदळले. ती गवतात आडवी झाली. ओल्या जिभा, चिखलाचे पंजे, पोटाला कुसळंच कुसळं. ती हसत होती, रडत होती, ओरडत होती, आणि हे सगळं मोठमोठ्याने. नवऱ्याच्या गालावरचा फेस टाचणीने चाटला आणि थू थू केलं.

मुंगी तेवढी उभी होती. गाल लाल, घसा बसलेला. तिने टेकडीकडे पाहिलं, मग कुत्र्यांकडे.

"आई," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तिकडे भिंत नव्हती ना?"

"नव्हती."

"पट्टा पण नव्हता. तू हाक पण मारली नाहीस."

"नाही मारली."

"मग ती परत का आली?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो एकाएकी कुसळं काढण्यात गुंग झाला होता.

"सांग ना, आई. का आली?"