हळदीच्या सकाळी निघालेली कॅप

जळगावजवळच्या असोद्याच्या पुष्पाबाईंशिवाय त्यांच्या माहेरच्या गोतात हळद लागत नसे. गळा खणखणीत, आणि विहिणीला चिमटे काढणारी गाणी तोंडपाठ. धुळ्याला भाची रूपाचं लग्न ठरलं, तेव्हा धाकट्या बहिणीनं, हेमलतानं, पहिलं आवतण त्यांनाच धाडलं.

हळदीच्या सकाळी चहानंतर कुणीतरी चिक्की पुढे केली. पुष्पाबाईंनी तुकडा तोडला, तर चिक्कीसोबत समोरच्या दाताची कॅपच हातात आली. आरशात पाहिलं, तर वरच्या ओळीत खिंडार आणि त्यात घासलेल्या दाताचा खुंट.

हेमलताचे यजमान बन्सीलाल फेविक्विक घेऊन धावले. त्यांच्या चपलेचा अंगठा त्यानंच टिकला होता म्हणे. पुष्पाबाईंनी तोंड उघडलंही असतं, पण रूपानं नळी काढून घेतली आणि मावशीच्या जळगावच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी बजावलं, की असलं काही तोंडात लावायचं नाही, हिरडी भाजेल. कॅप धुऊन डबीत ठेवायची. त्या दातानं चावायचं नाही, ब्रश मात्र हलक्या हातानं फिरवायचा. कॅप नुसती अडकवून झोपायचं तर मुळीच नाही, घशात जाईल. दुखत नसेल तर लग्न उरकून या, चांगली असली तर तीच बसवून देते.

कॅप डबीत गेली, पण हेमलताचा जीव थाऱ्यावर येईना. दोन्हीकडची हळद एकाच हॉलमध्ये होती. नवऱ्या मुलाच्या आई, उषाबाई, साखरपुड्यात तोंडाला पदर लावून बसल्या होत्या, एकदाही हसल्या नव्हत्या. बाई फार ताठ, असं सगळ्यांचं मत पडलं होतं. हेमलतानं सुचवलं, की अक्का, यंदा गाणी मोबाईलवरच लावू.

"दात गया, गळा त् शे ना," पुष्पाबाई म्हणाल्या आणि ढोलकीशेजारी जाऊन बसल्या.

गाण्याच्या पहिल्याच ओळीत 'सासूबाई' हा शब्द आला, आणि प्रत्येक 'स'ला बारीक शिट्टी वाजली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या, मग उषाबाईंकडे. त्यांचा पदर थरथरत होता. बघता बघता तो खाली आला आणि उषाबाई खदखदून हसल्या. त्यांचे समोरचे दोन दात नव्हते.

"न्हाणीत पाय घसरला, तेव्हापासून तोंड झाकूनच फिरतेय," त्या म्हणाल्या. "म्हणा हो ताई, मीही म्हणते तुमच्यासोबत."

मग दोघी मिळून गायल्या. कोणती शिट्टी कुणाची ते ढोलकीवालीलाही कळेना, आणि हेमलता इतकी हसली की हळदीची वाटीच लवंडली.

लग्नानंतर पुष्पाबाईंची कॅप एका बैठकीत बसली. उषाबाईंनीही त्याच डॉक्टरीणबाईंकडे दात बसवायचं ठरवलं, त्यांना पाच-सहा खेपा घालायच्या होत्या. धुळ्याहून येऊन त्या दर वेळी असोद्यालाच उतरू लागल्या. पुष्पाबाई त्यांच्यासाठी वांग्याचं भरीत करत. ते चावावंच लागत नाही.