सहादेवचा माफीचा अर्ज

बाराव्या घरीही रशीदला चहाच मिळाला. चहा पिऊन पिऊन तोंड कडू झालं होतं, पण संपाला येतो असं एकानंही म्हटलं नव्हतं. साखर कारखान्यातला फिटर तो, दहा वर्षं युनियनचा सेक्रेटरी. साहेबाला उलट बोलला म्हणून सहादेवला कामावरून काढलं, आणि त्याला परत घेईपर्यंत सोमवारपासून संप, असं सगळ्यांनी गेट मीटिंगला हात वर करून ठरवलं होतं. आता ते हात कुठं गेले, अल्ला जाणे.

तसं त्याला चांगलं ठाऊक होतं. कारखाना सहकारी. कामगाराचा बाप सभासद, चुलता सभासद, चेअरमन कुणाचा तरी मामा. त्यात बाहत्तर सालचा दुष्काळ, कालवा कोरडा, ऊस उभ्या उभ्या वाळत चाललेला. संपाची नोटीस गेली आणि चार दिवसांत बरोब्बर संपवाल्यांच्याच घरी ऊसतोडीच्या चिठ्ठ्या आल्या. ज्यांची पाळी महिन्यानं, त्यांचीही तोड सोमवारीच! कारखाना बंद राहिला तर तोडलेला ऊस फडातच वाळणार. मालक परका असता तर भांडता आलं असतं. इथं घरातल्या बापाशी कोण भांडतंय? बाराव्या घरचा कारभारी तर तोंडावर म्हणाला, की तुला गुंठाभर जमीन नाही, तुला काय कळणार. हे रशीदला फार लागलं. पण त्यात खोटं तरी काय होतं?

दिवेलागणीला तो घरी आला, तर ओट्यावर सहादेव बसलेला. रशीदला बरं वाटलं. निदान हा तरी आपला. दोघंच गेटवर बसू, असं तो म्हणणार होता.

"रशीदभाई," सहादेव खाली बघत म्हणाला, "आमच्या आबालाबी चिठ्ठी आली."

मग हळूहळू त्यानं सगळं सांगितलं. माफी लिहून दे, युनियन सोडली म्हणून लिही, मग हंगामी कामगारांत घेतो, असा चेअरमनचा निरोप होता. सहादेवला लिहिता येत नव्हतं. सगळ्यांचे अर्ज आजवर रशीदच लिहीत आला होता, तेव्हा जाणार तरी कुणाकडं?

रशीदला राग यायला हवा होता. पण तो इतका दमला होता की रागही धड आला नाही. त्यानं बायकोकडून, फरीदाकडून, कागद-पेन मागून घेतलं आणि लिहायला बसला.

"कारण काय लिहू?"

"लिवा, नादी लागून चूक झाली."

"कुणाच्या?"

सहादेव नखानं ओटा उकरत म्हणाला, "चेअरमनसाहेब म्हनले, नाव पायजेच."

रशीदनं स्वतःचं पूर्ण नाव, सेक्रेटरी या हुद्द्यासकट, स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि कागद अंगठ्यासाठी त्याच्यापुढं सरकवला.