मुंग्यांसकट पन्हळ

मानसिंगच्या गाडीच्या पन्हळी शेवटी परत बसल्या. दोन्ही बसल्या, सरळ बसल्या, रिबिटांचे खिळे घट्ट आहेत. काळजीचं कारण नाही.

आता हे तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू. पन्हळी अजून बाळगोंडाच्या मळ्यात चिंचेखाली पडलेल्या आहेत, शेहेचाळीस सालचा आषाढ लागलाय, आणि मानसिंगची बायको साळूबाई शिरवळला माहेरी जाऊन बसली आहे. का बसली आहे, हे आष्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही आष्ट्याचे नसाल म्हणून सांगतो.

मानसिंग लढाईत मिलिटरीच्या लॉऱ्या चालवून आलेला गडी. सुटून आल्यावर त्यानं आणि बाळगोंडा पाटलानं मिळून पाचगणीच्या एका साहेबाची जुनी गाडी घेतली. पुढं दोघांपुरती बंद खोली, मागं माल भरायला उघडा हौदा. निम्मी मानसिंगची, निम्मी बाळगोंडाची. कुठली निम्मी कुणाची हे मात्र ठरलं नव्हतं.

या गाडीच्या छताच्या कडेला, दोन्ही दारांवर, बोटभर रुंदीची पत्र्याची पन्हळ होती. छतावरून ओघळणारं पाणी ती धरायची आणि मागं नेऊन सोडायची, म्हणजे आत बसलेला माणूस भिजायचा नाही. साहेबाच्या देशात पाऊस फार, त्यामुळं त्याला हे सुचलं असावं. आमच्याकडं तिचा उपयोग गूळ साठवायला झाला. हंगामात ढेपा पार छतापर्यंत रचायच्या, चुरा पन्हळीत पडायचा, उन्हानं पाघळायचा. पाडव्याच्या सुमाराला तिथं मुंग्या राहायला आल्या. काळ्या, न चावणाऱ्या, घरंदाज मुंग्या.

मानसिंगनं घासलेटची बाटली काढली.

"ठेव ती खाली," बाळगोंडा म्हणाला. तो जैन, औतापुढं किडा दिसला तर बैल थांबवणारा. "निम्म्या गाडीचा मालक मी हाय. माझ्या निम्म्या मुंग्यांस्नी घासलेट लागता कामा न्हाई."

"बरं. मग मी माझ्या निम्म्या मारतो."

"तुझ्या कोणच्या?"

मानसिंगनं बराच वेळ पन्हळीकडं बघितलं. "उजव्या दारावरच्या. मी तितं बसतो."

"ती बघ," बाळगोंडा म्हणाला, "तुझी एक माझ्याकडं निघाली."

शेवटी तोड निघाली ती अशी, की पन्हळीच काढायच्या, मुंग्यांसकट चिंचेखाली, पावसाचा थेंब पोचत नाही तिथं ठेवायच्या, मुंग्या कंटाळून निघून गेल्या की परत बसवायच्या. छिनीनं रिबिटं उडवली, भोकांत मेण भरलं, पन्हळी पालखीसारख्या धरून मळ्यात नेल्या.

मुंग्या कंटाळल्या नाहीत. बाळगोंडाची आई गुणमालाकाकू रोज सकाळी पन्हळीशेजारी मूठभर पीठ आणि चिमूटभर साखर घालायच्या. साखर रेशनवर होती. घरातली माणसं चहात गूळ घालायची आणि साखर मुंग्या खायच्या.

मग मिरगाच्या पावसात मानसिंग नव्या बायकोला शिरवळहून आणायला गेला. खंबाटकीपासून जो पाऊस लागला तो थांबला नाही. पन्हळ नाही, त्यामुळं छतावरचं सगळं पाणी दाराच्या फटीतून आत येई. कऱ्हाडला गाडी उभी राहिली तेव्हा साळूबाई डाव्या अंगानं ओलीचिंब, डाव्या कानात पाणी, आणि उजव्या अंगानं कोरडी होती. ती उतरली, उलट्या दिशेनं जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीत जाऊन बसली आणि खिडकीतून म्हणाली, "पन्हळ बसवा, मग न्यायला या. एका कानानं मला संसार करायचा न्हाई."

आषाढात नव्या नवरीनं माहेरी राहायची रीत आहे, त्यामुळं मानसिंगची अब्रू तूर्त झाकलेली होती. पण आषाढ काही कायम राहत नाही. श्रावणात लोक विचारणार, आणि आष्ट्यातले लोक एकदा विचारून थांबत नाहीत. शिवाय लढाईत एवढी वर्षं काढून आलेल्या माणसाला आता बायको घरात हवी होती, ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती आणि सगळ्यांना दिसत होती.

तो गुणमालाकाकूंकडं गेला. "काकू, तेवढं पीठ-साखर बंद करा की. त्याबिगार त्या हलायच्या न्हाईत."

"हलून जातील कुठं?"

"मला काय ठावं?"

"मग असं कसं बाबा उठवतोस? आधी जागा बघ, मग बोल."

मानसिंग जागा बघायला लागला. विहिरीचा कठडा दाखवला. काकू म्हणाल्या, ओल हाय. गोठ्यामागचा बांध दाखवला, ऊन लागतं. लिंबाचं खोड दाखवलं; तिथं आधीच दुसऱ्या मुंग्या हायत, पटायचं न्हाई. घरात उपवर मुलगी असावी तशा काकू स्थळं नाकारत होत्या.

म्हणून तो नवीन पन्हळ करून घ्यायला सांगलीला केरबा पत्रेवाल्याकडं गेला. केरबा म्हणाला, "हात माझे हायत, पत्रा कंट्रोलात हाय. परमिट आणा." परमिटाच्या कचेरीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "घर गळतंय का?"

"घर न्हाई. बायको भिजतीया."

"बायकोला पत्रा मंजूर नाही," कारकून म्हणाला, आणि त्यानं पुढच्या माणसाला बोलावलं.

मग बाळगोंडानंच युक्ती काढली. पन्हळीपासून लांब, बांधावर गुळाचा मोठा खडा ठेवायचा, मुंग्या त्याच्या मागं जातील आणि तिथंच राहतील. मुंग्या गेल्या. दुसऱ्या दिवशी तो सबंध गूळ त्यांनी पन्हळीत आणून ठेवला होता.

दोघं चिंचेखाली उकिडवे बसून ते बघत राहिले.

"गड्या," बाळगोंडा म्हणाला, "साळूबाई काय म्हणली? पन्हळ बसवा. रिकामी बसवा म्हणली का?"

मानसिंगनं आठवून बघितलं. "न्हाई."

"मग?"

अशा रीतीनं केरबा सांगलीहून आला आणि पन्हळी बसल्या. सफेदा आणि जवसाच्या तेलाची लुकण करून भोकं बुजवली, त्यावर पन्हळ धरली, हातोड्याला गोणपाट गुंडाळून रिबिटं मारली. प्रत्येक घावाला बाळगोंडा म्हणायचा, "दमानं रं."

"आवं पाटील," केरबा म्हणाला, "देवळाच्या कळसाला ठोकलंय मी. देवबी एवढं जपून घेत न्हाईत."

काकूंनी वाटेत लागेल म्हणून पन्हळीत थोडी साखर घातली. गाडी निघणार, तेवढ्यात आभाळ भरून आलं आणि बाळगोंडाच्या लक्षात आलं की पाऊस पडला तर पन्हळीतून पाणी वाहणार आणि मुंग्या वाहून जाणार.

"म्हंजे?" मानसिंगनं विचारलं.

"म्हंजे पन्हळीला पाऊस लागू द्यायचा न्हाई."

त्यांनी छताच्या दोन्ही बाजूंना इरली बांधली. माणसांना पाऊस लागू नये म्हणून पन्हळ, आणि पन्हळीला पाऊस लागू नये म्हणून पानांचं इरलं. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत वाऱ्यानं दोन्ही इरली उडाली. तेव्हा निम्म्या मालकानं हुकूम काढला की पन्हळवाली गाडी फक्त उघडिपीत चालेल. उघडीप मिळाली त्या दिवशी दोघं निघाले. बाळगोंडा डाव्या दाराशी बसला, येताना हौद्यात बसायचं कबूल करून.

शिरवळला साळूबाईचे वडील लालासाहेब, पेन्शनर सुभेदार, हात मागं बांधून गाडीभोवती फिरले. पलटणीतले बूट तपासावेत तशी त्यांनी पन्हळ तपासली.

"पन्हळ हाय," ते म्हणाले.

"हाय, मामा," मानसिंग म्हणाला.

"बघू. साळू, घागर आण गं. वरनं वतून बघू."

बाळगोंडा आडवा आला. "आवं सुभेदार, पाणी वतायचं न्हाई त्यात." आणि त्यानं कारण सांगितलं. लालासाहेब पलटणीबरोबर इराकात बसऱ्यापर्यंत जाऊन आले होते, पण हे त्यांनी तिकडंही बघितलं नव्हतं.

साळूबाई घागर कमरेवर घेऊन दारात उभी होती. "आवं," ती नवऱ्याला म्हणाली, "पाऊस आला की गाडी थांबणार?"

"व्हय."

"आन पाऊस नसला की मग मला पन्हळ कशाला पायजे?"

मानसिंगनं बाळगोंडाकडं बघितलं. बाळगोंडानं आभाळाकडं बघितलं, आणि त्याच्या बघण्याचीच वाट बघत असल्यासारखा पाऊस सुरू झाला.

गाडी ढकलत गोठ्यात नेली. तिथल्या म्हशी बाहेर काढल्या. त्या पावसात उभ्या राहून गाडीकडं बघू लागल्या.

पाऊस थांबेना. बाळगोंडा दिवस मावळायच्या आत जेवणारा, कांदा-बटाटा वर्ज्य, त्यामुळं लालासाहेबांच्या घरात चूल दोनदा पेटू लागली. मुंग्यांना रोज सकाळी यजमानांच्या गुळातला वाटा जाऊ लागला. मानसिंग बायकोला न्यायला आला होता तो सासरी राहायला लागला, आणि शिरवळची माणसं सहज म्हणून गोठ्यात डोकावू लागली.

"साळू, चल गं," तो एकदा जेवताना हळूच म्हणाला. "भिजलीस तर भिजलीस."

"मी भिजंन वो," ती भात वाढत म्हणाली. "गाठोडं बांधून ठिवलंय. पर आता मी भिजायला तयार असून भागतंय का? पन्हळीतल्या वरच्यांस्नी चालंना. एक कोरडा दिवस आणा कुठनंबी."

लालासाहेबांनी हे ऐकलं. त्यांचा आयुष्यभर सरकारवर विश्वास होता. श्रावण तोंडावर आला तशी त्यांनी कागद-दौत मागवली आणि मजकूर रवाना केला तो असा:

"मेहेरबान कलेक्टरसाहेब बहादूर, जिल्हा सातारा, यांचे हुजुरास. अर्जदार लालासाहेब, पेन्शनर सुभेदार, राहणार शिरवळ, यांचा अर्ज ऐसा जे, अर्जदाराची मुलगी सासरी जाण्यास राजी आहे, जावई नेण्यास राजी आहे, व मोटार चालू स्थितीत आहे. फक्त पावसाची हरकत आहे. सबब येत्या सोमवारी सूर्योदयापासून मोटार पोचेतोपर्यंत शिरवळ ते आष्टा या सडकेवरील पाऊस तहकूब ठेवण्याबद्दल हुकूम व्हावा. सदर पाऊस मंगळवारी भरून काढल्यास अर्जदाराची तक्रार नाही. तसे करणे सरकारच्या सोयीचे नसल्यास, पन्हळीत राहणाऱ्या मुंग्यांस कायम वस्तीसाठी सरकारी पड जमीन, ओल नसलेली, ऊन न लागणारी व दुसऱ्या मुंग्यांचा वहिवाटीचा हक्क नसलेली, मंजूर व्हावी. आणि दोन्ही गोष्टी नामंजूर होत असल्यास, जावई व त्याचा भागीदार हे मोटारीसह सरकारजमा करून घेण्यात यावेत, ही नम्र विनंती."