बादलीतला वाल

माझा स्वभाव संशयी आहे, असं माझी बायको रत्ना म्हणते. मी म्हणतो, ज्याच्या तीन मजली इमारतीत अकरा खोल्या भाड्याने आहेत, त्याला दुसरा स्वभाव परवडत नाही. घोटावड्यात येऊन भाडेकरू ठेवून बघा म्हणजे कळेल. एकाने दोन माणसं सांगून सहा ठेवली. दुसरा जाताना पंखा ठेवून पंख्याचा रेग्युलेटर काढून घेऊन गेला. त्यापायी करारात मी कलमं वाढवत गेलो. बारावं कलम माझं सगळ्यात लाडकं: खोलीत, गॅलरीत किंवा गच्चीवर कुंडी ठेवायची नाही. कुंडीचं पाणी स्लॅबमध्ये उतरतं आणि मग मालक निस्तरत बसतो.

हे कलम घरच्यांनाही लागू होतं. अंगणात तर गाड्या लावायला मी आधीच पेव्हर ब्लॉक बसवून घेतले होते. मातीचा तुकडा म्हणून शिल्लक नव्हता. रत्नाचा जीव कशात अडकलाय ते मला ठाऊक होतं. माझ्या आईकडून तिच्याकडे आलेलं वालाचं बी. भात काढलं की त्याच वावरात ओलीवर हा वाल टाकायचा. वरून थेंबभर पाणी घालायचं नाही. जमिनीतली ओल पीत पीत तो वाढायचा आणि संक्रांतीच्या पुढेमागे शेंगा द्यायचा. बुटका, ठिपक्यांचा दाणा. तसा वाल आता आमच्या पंचक्रोशीत कुणाकडेच राहिलेला नाही.

वावर मी तीन वर्षांपूर्वी गोदामवाल्याला विकलं. बी मडक्यात, राखेत राहिलं. बी काही सोनं नव्हे, ठेवलं म्हणून टिकत नाही. मातीत गेलं नाही तर बसल्या जागी मरतं. “यंदा न्हाई लावलं तर संपलंच म्हनायचं,” असं रत्ना दसऱ्याला एकदा म्हणाली. मी पेपर वाचत होतो.

दिवाळीनंतर एक दिवस फळीवरचं मडकं दिसेना. विचारलं तर म्हणाली, “दिलं कुनाला तरी.”

“कुनाला?”

“ज्याला गरज हुती त्याला.”

इतकी वर्षं जिने त्या मडक्याला कुणाला हात लावू दिला नाही, ती म्हणते दिलं कुणाला तरी! कुठंतरी पाणी मुरत होतं.

मग मी लक्ष ठेवायला लागलो. पहिली गोष्ट म्हणजे जिन्याखालच्या रंगाच्या रिकाम्या बादल्या. इमारत रंगवली तेव्हाच्या. मोजल्या तर दहा कमी. दुसरी गोष्ट, दुसऱ्या मजल्यावर सात नंबरच्या खोलीतून एका रविवारी तासभर भोकं पाडायच्या मशिनचा आवाज आला. त्या खोलीत गौतमी राहते. मूळची औशाची, हिंजवडीला कामाला. काय काम करते विचारलं तर “कॉम्प्युटरवर” एवढंच सांगते. भाडं वेळेवर देते, मान खाली घालून स्कूटीवरून जाते-येते. अशीच माणसं जास्त घातकी असतात, हा माझा अनुभव. तिसरी गोष्ट म्हणजे तिच्या खिडकीच्या पडद्याआड भरदुपारी जांभळा उजेड दिसायचा. शेजारचा कुशाबा तंबाखू मळत म्हणाला, “गांजा असंल. घरात लावत्यात म्हनं हल्ली, असल्याच दिव्याखाली.” कुशाबाला गावातल्या निम्म्या घरांत गांजा दिसतो, तरी मी त्या खिडकीवर डोळा ठेवलाच.

आणि चौथी गोष्ट सगळ्यांवर कडी करणारी. दुपारी जेवणं झाली की आमची रत्ना तांब्या घेऊन वर जायची. वर म्हणजे सात नंबरमध्ये. चावी गौतमीनेच देऊन ठेवलेली.

“पोरगी हाफिसात गेल्यावर तितं तुझं काय काम?”

“झाडून घेते वाईच. एकटी पोर, येळ मिळत न्हाई तिला.”

मालकीणबाई भाडेकरूची खोली झाडते, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. आणि झाडायला तांब्या कशाला?

एका संध्याकाळी मी जिन्यात बल्ब बदलत होतो. गौतमी दारात उभी राहून फोनवर बोलत होती. “आबा, चाळीसातले पाचच उगवले. पण बियाणं अस्सल आहे. हो, फार जपून करतोय. नाही, इथं कुणाला कळता कामा नये.” मला बघितलं आणि दार लावून घेतलं.

झालं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोरगी बियाण्याच्या कंपनीची असणार. गोड बोलून रत्नाकडून बी काढून घेतलं, आता खोलीत वाढवून बघतेय, उद्या चकचकीत पाकिटात घालून विकणार. आणि आमची भोळीभाबडी बाई रोज वर जाऊन फुकट राबतेय. खरं सांगायचं तर बियाण्याचं मला तेवढं वाटत नव्हतं. ते वाटत असतं तर वावर विकताना वाटलं असतं. माझ्याच घरात माझ्या पाठीमागे काही चाललंय आणि माझ्या बायकोला ते ठाऊक आहे, याचा मला संताप होता.

डिसेंबरात खालच्या, चार नंबरच्या खोलीत भिंतीला पाणी उतरलं. सात नंबरच्या बरोबर खाली. मग मला कारणच मिळालं. रत्ना बँकेच्या कामाला पिरंगुटला गेली त्या सकाळी मी दुसरी चावी घेऊन वर गेलो. भाडेकरू नसताना मालक खोलीत शिरणार नाही, हे पाचवं कलम मीच लिहिलेलं. पण तेव्हा ते आठवायची माझी इच्छा नव्हती.

आत खिडकीशी पाच बादल्या ओळीने मांडलेल्या. प्रत्येक बादली दुसऱ्या बादलीत बसवलेली, म्हणजे माझ्या दहाचा हिशेब लागला. वरच्या बादलीत माती, तीही काळ्या प्लास्टिकने झाकलेली. एका कडेला पांढऱ्या पाइपाचा तुकडा माती भेदून खालपर्यंत गेलेला. मातीतून वेल निघून सुतळीवरून पडद्याच्या दांडीपर्यंत चढलेले, त्यांना पांढरी फुलं. वर तो जांभळा दिवा. वेल मी ओळखला नाही असं म्हणणार नाही. पान बघताक्षणीच ओळखला. आमचाच वाल होता. क्षणभर बरंही वाटलं, पण लगेच संताप वर आला. म्हणजे संशय खरा होता तर!

मग माझी नजर खाली गेली. खालच्या प्रत्येक बादलीच्या बाजूला, तळापासून चार बोटं वर, एक भोक पाडलेलं. त्याखाली फरशीवर ताटली आणि ताटलीत पाणी. हेच ते, म्हटलं, इथूनच माझ्या भिंतीत पाझरतंय. शिकलेली पोरगी आणि बादलीला भोक पाडून ठेवते!

खरं म्हणजे तिथंच बसून दोघींची वाट बघायची आणि जाब विचारायचा. पण चावीचं कळलं असतं. म्हणून मी खाली जाऊन एम-सीलचं पाकीट आणलं. काळी-पांढरी वडी मळली आणि पाचही भोकं बुजवली. ओल्या अंगठ्याने घोटून गुळगुळीत केली. पाण्याच्या टाकीपासून गटाराच्या पाइपापर्यंत या इमारतीतलं प्रत्येक भोक मी असंच बुजवलंय. ताटल्या पुसल्या, कुलूप लावलं आणि खाली येऊन चहा प्यालो. आपण फार हुशार आहोत असं वाटत होतं.

त्यानंतर रत्ना वर जायची ती एका तांब्याऐवजी दोन घेऊन. चौथ्या दिवसापासून कळशी. मी खालून मोजत होतो. एका दुपारी जेवताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, “अवं, वेल फुलावर आला की लई पानी पितो का वो? बादलीत बिदलीत लावला तर?”

आता सापडलीस, असं मनात म्हणत मी भाताचा घास मोडला. “पितो की. फुलावरचा वेल तहानलेलाच आसतो.”

एवढंच बोललो. कशासाठी विचारतेस असं विचारलं असतं, तर कदाचित तिने सगळं सांगितलं असतं. पण मला तिने आपणहून कबूल करायला हवं होतं.

बाराव्या दिवशी, रविवारी सकाळी, वरून रत्नाचा आवाज आला. रडण्याचा नव्हे, हाक मारल्यासारखा. मी दोन-दोन पायऱ्या चढत गेलो. रत्ना आणि गौतमी खाली फरशीवर बसल्या होत्या. एक बादली दुसरीतून उपसून काढलेली, खोलीभर कुजका वास, आणि मुळं काळी पडून बोटाला चिकटत होती. पाचही वेलांची पानं पिवळी होऊन लोंबत होती.

“काका, आमचं चुकलं, तुम्हाला सांगायला हवं होतं,” गौतमी उठून उभी राहिली. “काकूंचं बी संपत आलं होतं, मडक्यात शेवटचे चाळीस दाणे, तेही सगळे लावले. लावायला जागा नाही आणि तुमचं कलम आड येतंय. मी म्हटलं, माझ्या खोलीत लावू, पाणी पाइपातून खालच्या बादलीत देऊ, वर थेंब सांडणार नाही. एकदा बी हातात आलं की सांगणारच होतो.”

आवाज पडू द्यायचा नाही, असं मी ठरवूनच आलो होतो. “बी कुनाच्या हातात? तुज्या कंपनीच्या? आन आता वेल ह्या पोरीनंच मारलं आसतील,” मी रत्नाकडे वळलो, “तिचं काम झालं आसंल, मग मागं पुरावा कशाला ठेवंल?”

“कसली कंपनी, काका? मी बँकेचं सॉफ्टवेअर बघते. माझे वडील, आबा, गावी शेती करतात, त्यांना विचारून विचारून केलं सगळं.” तिने खालच्या बादलीच्या भोकावर बोट ठेवलं. “हे भोक म्हणजे खूण होती. खालच्या बादलीत पाणी इथवर चढलं की ताटलीत पडतं. ताटलीत पडलं की काकू थांबायच्या. माती झाकलेली, त्यांना वरून कळणार कसं? पाणी पडेचना, म्हणून त्या रोज घालत राहिल्या आणि मुळं पाण्यात बुडून कुजली. पानं मलूल झाली तेव्हा आम्हाला वाटलं, तहान वाढलीय. मीही खाली वाकून बघितलं नाही.”

रत्नाने भोकातला एम-सीलचा गोळा नखाने उकरला आणि तळहातावर धरून मला दाखवला.

“ह्या बिल्डिंगीत असं घोटून कोन बुजवतं?”

मी भिंतीकडे बघितलं.

“कोन बुजवतं, मी इचारते.”

“भिंतीत पानी जात हुतं खालच्या,” मी म्हणालो. माझाच आवाज मला भाडेकरूसारखा वाटला.

“ते पाणी गच्चीवरच्या सोलरच्या पाइपाचं आहे,” गौतमी हळूच म्हणाली. “बाथरूमच्या भिंतीतून उतरतंय. मी ऑक्टोबरमध्ये तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, बघू.”

सांगितलं होतं. मला आठवलं. भाडेकरू काहीतरी सवलत काढायला बघतायत, असा तेव्हा मला संशय आला होता.

रत्नाने तो गोळा फरशीवर ठेवला. “वालाला वरून पानी लागत न्हाई, खालची ओल लागती, ह्ये सासूबाईंनी मला शिकवलं. तुमच्या डोळ्यादेखत शिकवलं. तुमाला ठावं नव्हतं व्हय? परवा इचारलं तवा तुमी म्हनला, पितो.” ती ओरडत नव्हती, हे जास्त वाईट होतं. “वावर इकलं तवा मला इचारलं न्हाई. अंगनात फरशी घातली तवा इचारलं न्हाई. आन हितं पाच भोकं बुजवली, तवा बी तोंडानं एक सबूद न्हाई. संशेव तेवढा घेतला.”

मी चूक झाली म्हणालो, पण तिने ते ऐकल्याचं दाखवलं नाही. खरंच मला शरम वाटली, आणि इतक्या वर्षांत रत्नासमोर पहिल्यांदाच वाटली.

वेलांवर थोड्या शेंगा धरल्या होत्या. चपट्या, कोवळ्या, आत दाण्याची नुसती रेघ. दोघींनी त्या एकेक करून तोडल्या. सगळ्या मिळून रत्नाच्या ओंजळीत मावल्या. मला वाटलं, वाळवायला नेतेय.

दुपारी तिने तीन पाटांसमोर तीन ताटं मांडली. गौतमीला हाताला धरून खाली आणली आणि माझ्या शेजारी बसवली. माझ्या ताटात भाकरी आणि वालाच्या शेंगांची भाजी वाढली, जवळजवळ सगळी. गौतमीला थोडी, स्वतःला काहीच नाही.

“बियाला एक तरी शेंग ठेवायची हुतीस,” मी म्हणालो.

“कवळ्या शेंगंतलं बी उगवतं का कुटं?” ती म्हणाली. “खावा. गरम हाय तवर खावा. तुमच्या आईच्या वालाची ही शेवटची भाजी.”

गौतमी ताटाकडे बघत बसून राहिली. मी घास घेतला. चव तीच होती, आईच्या हातची. रत्ना समोर बसून मी संपवायची वाट बघत होती, म्हणून मी सगळी भाजी खाल्ली.