गणिताला पूरक चित्रकला

मुख्याध्यापकांना चित्रकलेविषयी आकस नव्हता. आकस धरायलाही आधी त्या गोष्टीचे अस्तित्व मान्य करावे लागते. त्यांना केवळ खोली हवी होती. मोठ्या खिडक्यांची, रंगांनी डागाळलेल्या फरशीची ती खोली गणिताच्या जादा तासांना सोयीची होती.

"बाई, कलाशिक्षणाचे फायदे एका पानात लिहून द्या. आकड्यांत हं! 'मुलं फुलतात' वगैरे नको. फुलायला बाग आहे."

चित्रकलेच्या बाईंना एक फायदा नेमका ठाऊक होता. सातवीतली एक मुलगी शाळेत कोणाशीच बोलत नसे. मुलींनी तिचे नाव 'मुकी मैना' ठेवले होते. एके दिवशी ती कागदावरून मान न उचलता म्हणाली, "हिरवा संपलाय, बाई. निळ्यात पिवळा मिसळू?" तेव्हापासून ती या खोलीत, आणि फक्त याच खोलीत, बोलत होती.

अहवालाच्या तक्त्यातल्या 'टक्के' या रकान्यात हे मावेना. अडला हरी गाढवाचे पाय धरी, या न्यायाने बाईंनी लिहिले: रेखाटनाच्या सरावाने कच्च्या मुलांचे गणिताचे गुण अठरा टक्क्यांनी वाढतात. अठराच का? वीस खोटे वाटले असते.

मुख्याध्यापक हरखले. खोली वाचली. सोमवारी यादी लागली: यापुढे चित्रकलेचा तास फक्त गणितात कच्च्या असलेल्यांना. मैना गणितात वर्गात पहिली होती.

"सर, तिला या तासाची गरज आहे."

"कशाला? शंभरात सत्त्याण्णव आहेत तिला! वरचे अठरा टक्के ठेवायचे कुठे?" ते मनापासून हसले. "तुमचाच तर अहवाल आहे, बाई."

होताच. हात दाखवून अवलक्षण, आणि त्याखाली स्वतःचीच सही.

मधल्या सुट्टीत मैना दाराशी आली. उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता तिने हळूच विचारले, "बाई, मी कच्ची झाले तर?"

असे बोलू नये, हुशारी वाया घालवू नये, हे सगळे बाईंच्या जिभेवर तयार होते. मुलगी वाट पाहत होती. यादीत आपल्या हाताने नाव वाढवता येत नव्हते आणि अहवाल परत मागता येत नव्हता.

"चाचणी कधी आहे?" बाईंनी विचारले.

"उद्या."

"पस्तिसाच्या खाली कच्चे धरतात."

मैनेने मान डोलावली आणि कोणकोणती गणिते चुकवायची, ते दारातच बोटांवर मोजू लागली.