चौकीपुढचा रांजण

मी रांजण बोलतोय. चाकणच्या बाजारवाटेवर दोन खोल्यांची एक पोलीस चौकी आहे. तिच्या दारातल्या कडुनिंबाखाली कमरेपर्यंत मातीत पुरलेला तो मी. माझं पोट मोठं, तोंड लहान, म्हणून सहसा गप्पच असतो. पण आज बोलायलाच हवं.

माझा जन्म इथल्याच कुंभारआळीतला. भट्टीतून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या भरल्या घरात जाईन, लेकीसुना माझ्यात घागरी रित्या करतील. नशिबात निघाले चिमाजी हवालदार. खाकी अर्धी चड्डी, झुबकेदार मिशा आणि आवाज असा, की कुंभाराच्या हातातलं मडकं निसटावं. म्हटलं, संपलं आपलं. पण बैलगाडीत मला गचके बसू नयेत म्हणून त्यांनी स्वतःची घोंगडी खाली अंथरली, तेव्हा कळलं की मिशा नुसत्या दिसायला आहेत.

चौकीच्या किरकोळ खर्चाला सरकारातून थोडे पैसे मंजूर झाले होते. त्यातून वेताची खुर्ची यावी, अशी फौजदारसाहेबांची फार इच्छा. हवालदारांनी आणलं मला, आणि तेही आत न ठेवता रस्त्याच्या कडेला बसवलं. त्यांचं एक दुखणं होतं. चौकी दिसली की बाजाराला निघालेली माणसं रस्ता सोडून बांधावरून जात. आया रडक्या पोरांना गप्प करायला त्यांचंच नाव घेत. पाण्याच्या निमित्तानं तरी माणसं दाराशी थांबतील, असं त्यांना वाटे. पैसा लोकांनी भरलेल्या करपट्टीतला, तर पाणी लोकांनीच प्यावं, इतका साधा विचार.

पण लोक पिईनात. चूक हवालदारांचीच. दारूबंदीचे दिवस होते. शिवारात पकडलेल्या हातभट्टीच्या दारूचे रांजण याच कडुनिंबाखाली आणून पंचांसमोर फोडत. दिसायला माझे सख्खे भाऊच ते. आणि नेमक्या त्याच जागी हवालदारांनी मला पुरलं. मग माझ्यात काय आहे, याची लोकांना शंका कसली? बायका नाकाला पदर लावून जात. हवालदार रोज सकाळी मला विहिरीच्या पाण्यानं भरत आणि संध्याकाळी तेच पाणी मुकाट्यानं झाडाला घालत. मला फार वाईट वाटे. किटाळ माझ्यावर, मान खाली त्यांची.

अशात एका बाजाराच्या दिवशी फौजदारसाहेब तपासणीला आले. काठोकाठ भरलेला मला पाहून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "लोकांच्या नावावर आणलात, पितंय कोण? आजच्या आज आत घ्या. पैसे तुमच्या पगारातून कापतो." साहेबांच्या मागोमाग हवालदार मला उकरायला पहार आणायला आत गेले.

तेवढ्यात भैरू आला. भैरू गावातला नामांकित पिणारा, दारूबंदीनं बिचाऱ्याचा जीव मेटाकुटीला आलेला. त्यानं इकडेतिकडे बघत माझ्या झाकणावरचं लांब दांड्याचं ओगराळं माझ्यात बुडवलं आणि डोळे मिटून एका दमात रिकामं केलं. डोळे उघडले, दुसरं घेतलं. मग ओगराळं तसंच हातात धरून तो तरातरा चौकीच्या दाराशी गेला.

"हवालदार, निस्तं पाणी हाय ह्यात. लोकास्नी फसवता व्हय?"

सगळी बाजारवाट हसली. कांद्याची पाटी घेऊन बांधावरून चाललेली शालनबाई थांबली. खरंच पाणी आहे का, असं तिनं विचारलं. भैरूनं चरफडत मान हलवली. ती खाली उतरली, पाटी ठेवली, ओंजळ धरली आणि पोटभर प्याली.

"गार हाय की," ती म्हणाली. "हवालदार, आदी न्हाई का सांगायचं?"

हवालदार हातात पहार घेऊन दारात उभे होते. त्यांचा तो दणदणीत आवाज कुठे गेला कोण जाणे. "सांगाया तुमी जवळ कुटं येत व्हता, आक्का?"

तिच्यामागून आणखी माणसं उतरली. शेवटी साहेबही एक ओगराळं प्याले आणि पगाराचा विषय न काढता निघून गेले. पहार भिंतीला टेकून राहिली.

आता हवालदार पेन्शनीत गेलेत. पिंपरीकडच्या नव्या कारखान्यांत कामाला जाणारी माणसंही सायकल टेकवून इथं थांबतात, चौकीच्या पायरीवर बसून गप्पा मारतात. माझ्या पोटाला मात्र चीर गेलीय, पाणी झिरपतं. नव्या रांजणाला मंजुरी आलीय म्हणे. जरूर आणा, मला राग नाही. फक्त त्याला दाराबाहेरच बसवा. आणि पहिलं ओगराळं भैरूला द्या. तो एकदा नाराज झाला, की मग माणसं निर्धास्त येतात.