बोटं माझ्या ओळखीची

नानाजींना त्या दुपारी मिळणार तरी काय होतं? मालकांची एक शाबासकी, आणि तिच्या जोरावर पुढच्या हंगामातही टिकणारी खुर्ची. मित्रांनो, हा हिशेब मला ठाऊक आहे, कारण मी लोहाऱ्याच्या एका कापसाच्या जिनिंगमधला जुना कीबोर्ड आहे.

जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण मला घडवलं ऑफिसातल्या नुजहतच्या बोटांनी. कापसाच्या गाड्यांची वजनं ती भराभर टिपायची. उडणारा कापूस माझ्या पोटात जाई, अक्षरांच्या कळा अडकत. मग सकाळी ती मला उलटा करून झटकायची. "चल, आता पळ," म्हणायची.

बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या साली गाड्या रोडावल्या. हंगाम संपला की ऑफिसात एकच माणूस ठेवीन, असं मालकांनी सांगून टाकलं. नानाजी बावीस वर्षांपासूनचे मॅनेजर, पण कॉम्प्युटरला भिणारे. नुजहतला कॉम्प्युटर येत होता, आणि तिच्या पगारावर घर चालत होतं.

"पासवर्ड सांगून ठेव व बाई," एक दिवस नानाजी म्हणाले. "तू नमाजले जातं, अन् गाडीवाले मले शिव्या देतेत."

"मालकानं कोणालेच सांगू नोको म्हटलं, नानाजी."

"अन् मी कोण? तुया अब्बाच्या मांडीले मांडी लावून जेवलो मी. मले चोर समजतं का?"

वडीलधाऱ्याला नाही कसं म्हणायचं? तिनं सांगितला.

आठवड्याभरानं एका दुपारी ती मागच्या खोलीत नमाजला गेली असताना फोन वाजला. "कॉम्प्युटर कंपनीतून मोठा साहेब बोलतोय. तुमचं मशीन बंद पडणार आहे. सांगतो तसं दाबा."

'साहेब' ऐकताच नानाजी खुर्चीतून उठून उभे राहिले. "जी साहेब. दाबतो साहेब." एका बोटानं अक्षरं शोधत त्यांनी पासवर्ड टाकला, मग साहेब सांगेल ते ते. माझी एखादी कळ तरी अडकायला हवी होती! पण सकाळीच नुजहतनं मला झटकलं होतं. फोन ठेवून नानाजी माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "जमलं लेका, नाना!"

दुसऱ्या दिवशी पडद्यावर खंडणीची मागणी होती आणि हंगामभराची वजनं कुलूपबंद.

"मशीन कोणाच्या नावानं उघडलं होतं?" मालकांनी विचारलं. नाव नुजहतचं निघालं.

"नानाजी, काल तुमी काही केलं का?" तिनं हळूच विचारलं.

नानाजी दुपट्ट्यानं मान पुसत राहिले. "मले कुठं कॉम्प्युटर येते, मालक?"

मी पुढ्यातच होतो. ते बोट मी हजारांत ओळखलं असतं. पण माझ्याजवळ सगळी अक्षरं असून मला स्वतःचा एक शब्द लिहिता येत नाही.

"पासवर्ड म्याच सांगतला होता, मालक," एवढंच बोलून नुजहतनं डबा उचलला.

आता मी फळीवर पडून असतो. मित्रांनो, आमची धूळ पुसा, न पुसा. पण पासवर्ड मागणाऱ्या आपल्या माणसालाही हात जोडून नाही म्हणा. आणि चुकलात तर त्याच दिवशी तोंड उघडा, तुमच्या वतीनं आम्हाला बोलता येत नाही.

फोनवाला कोण, ते कधी कळलं नाही. मालकांचा एक हंगाम गेला. नानाजींची खुर्ची राहिली. नोकरी गेली ती नुजहतची.